तात्यांनी भंडारा खाली ठेवला

…आणि अर्ध्या चढावर तात्या खाली बसले. पायातली वहाण काढून बाजूला ठेवली आणि खालच्या भात काढलेल्या खाचरांकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. इथूनच परत फिरणार.

त्यांना ‘चला’ म्हणायला मला तोंडच नव्हतं. ज्या माणसाचं पुढारीपण आम्ही काढून घेतलं, त्यालाच सोबत घेऊन मी मतं मिळवायला निघालो होतो.

गेल्या महिन्यात भोरच्या मीटिंगमध्ये आमच्या पक्षानं तात्यांच्या जागी शिवऱ्याच्या आबांना पुढारी केलं. वय झालं, असं कारण दिलं. टाळ्या वाजल्या… तात्यांनीही वाजवल्या. लोकल बोर्डाच्या इलेक्शनला यंदा आबाच उभे.

मी गावोगाव एकच सांगत फिरलो. माणूस बदलला तरी पक्ष तोच, मत टाकायच्या पेटीचा लाल रंगही तोच. बहुतेक गावांनी माना डोलावल्या. अडली ती पासलीच्या वरची वाडी.

वाडीत मत आहे ते सारा भरणाऱ्या मोजक्या घरांना. पण यंदाची लढत अशी की तेवढी मतं आली नाहीत तर आबा पडणार. आणि वाडीनं मागच्या इलेक्शनला खंडोबापुढे तात्यांच्या नावानं बेलभंडारा उचललेला. देवापुढचं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ… मत तात्यांना, दुसऱ्या कुणाला नाही.

मागच्या आठवड्यात मी एकटाच वर गेलो होतो. वाडीतले सगळ्यांत वयस्कर कोंडिबा. त्यांनी मला ओट्यावरूनच वाटेला लावलं.

"पार्टी पार्टी करताय, ती कधी हितं चढून आली व्हय? तात्यांच्या पायात हितं काटा मोडला, त्यो म्या काढलाय. तुमच्या पार्टीला पाय तरी हायेत का?"

तात्या उभे नसतील तर वाडी मतदानाला उतरणारच नव्हती. शपथ सुटायची एकच रीत. ज्याच्या नावानं भंडारा उचलला, त्यानं स्वतः येऊन तो आपल्या हातानं देवापुढे परत ठेवायचा.

हे मी तात्यांना सकाळी सांगितलं. बाकी सगळं गेलं होतं, ही एक वाडी तेवढी त्यांची राहिली होती… संध्याकाळी म्हणाले, "उद्या निघू." उद्या म्हणजे मतदानाचा आदला दिवस.

चढावर ते बराच वेळ बसले. मग वहाण झटकली, म्हणाले, "खडा होता." आणि चालू लागले.

देवळापुढे वाडी जमली होती. कोंडिबा पुढे आले, तात्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "वाळलात की वो तात्या. पुढारीपण गेलं, भूक तर न्हाई ना गेली?" सगळे हसले. तात्याही.

मग हसू थांबलं. एकेकानं देवापुढची हळद उचलून तात्यांच्या ओंजळीत टाकली. कोंडिबा शेवटी आले, आणि त्यांची मूठ काही उघडेना.

"म्हंजी आमाला सोडलं म्हना की," ते म्हणाले.

"मोकळं केलं," तात्या म्हणाले.

"लई फरक न्हाई त्यात."

तात्या ओंजळ तशीच पुढे धरून उभे राहिले. बऱ्याच वेळानं कोंडिबांनी मूठ उघडली… आणि तात्यांनी सगळा भंडारा वाकून पायरीवर ठेवला.

माझ्या पिशवीत नारळ होता, नवा भंडारा होता. आता तात्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं, की हाच आता आबांच्या नावानं उचला. मी पिशवी पुढे केली. तात्यांनी ती हातानं मागे सारली.

"माझं होतं ते मी सोडलं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं बांधायला मी आलो नाही."

"मंग मत द्यायचं कुनाला?" कोंडिबांनी विचारलं.

"पेटीपुढे उभा राहशील तेव्हा तुझं तू बघ."

नंतर आम्ही नाचणीची भाकरी खाल्ली. उतरताना मी मनातून चिडलो होतो. पक्षाचं काम अर्धंच झालं होतं, आणि आता वाडी उतरेल की नाही तेही कळत नव्हतं. पण खाली येईपर्यंत माझा राग ओसरला… आम्ही मतं मागायला गेलो होतो, आणि हा माणूस ती ज्यांची त्यांना देऊन आला होता. असं देता येतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतले सगळे मतदार वेल्ह्याला मतदानासाठी उतरले. आत जाण्याआधी कोंडिबांनी मला बाजूला घेतलं. "त्यो तुमचा आबा कोनचा? दावा तरी."

मी दाखवला. कोंडिबांनी आबांना डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. "वाडीपत्तुर चढाल का?"

"चढेन की," आबा म्हणाले.

"मंग आजवर का न्हाई आला?"

आबांनी खाली आपल्या वहाणांकडे पाहिलं.

"या कवाबी," कोंडिबा म्हणाले. "भाकरी देऊ. भंडारा मातर आता कुनाच्याच नावानं उचलायचा न्हाई." आणि ते आत गेले.

तात्या रांगेत त्यांच्या मागेच उभे होते. तळहात अजून पिवळे होते.