दारापर्यंत आलेली रेघ

मी मूळची सांगलीची. पाटणच्या पलीकडच्या एका गावात मला पहिलीचा वर्ग मिळाला, तेव्हा सीमेवरची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं. माझा स्वभाव तापट. पोरांचं अक्षर वाकडं आलं की मी चिडायची, आणि मी चिडले की पोरं पाट्या पोटाशी धरून बसायची. म्हणून ठरवलं, आधी नुसत्या रेघा. रेघ काही चुकत नाही, म्हणजे मला रागवायलाही जागा नाही.

वर्गाची जमीन शेणाची होती. शनिवारी पोरीच ती सारवायच्या. त्यांच्या बोटांची वळणं ओल्या शेणात उमटत, आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं की सगळी जमीन संथ वाहतेय असं वाटायचं. त्या वळणांवरून आम्ही बोटं फिरवायचो. मग पाण्यात नीळ कालवायची, त्यात सुतळी बुडवायची, रद्दी कागदाच्या घडीत ठेवून हलकेच ओढायची. घडी उघडली की कुणाला नदी दिसे, कुणाला बैलाचं शेपूट.

"बाई, ह्यो बगा साप! लय मोटा हाय!"

तो वर्ग आठवला की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे निळं निळं होतं.

एक मुलगी मात्र हात पाठीमागे बांधून बसायची. सुतळी नाही, खडू नाही, पाटी कायम कोरी. मोठे गुरुजी म्हणाले, "हिला अजून वर्षभर घरीच राहू द्या. डोकं चालत नाही तिचं." मला पटेना. दुसऱ्याची सुतळी सरकली की तिची मानही तिच्याबरोबर सरकायची. तरी एकदा मी खेकसलेच, "का गं, हाताला मेंदी लावलीय का?"

ती रडली नाही. खाली बघून म्हणाली, "आमच्यात रेघ न्हाई काडत."

शेजारची पोरगी पुटपुटली, "बाई, तिचा बा लढाईत गेला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या घरात माणूस गेलं, तिथे सारवतात पण वर रांगोळी घालत नाहीत. तिच्या आईने तेव्हा सांगितलं असणार, आता रेघ काढायची नाही. वर्षश्राद्धही होऊन गेलं, पण आता काढ म्हणून पोरीला कुणी सांगितलंच नाही. अंगणातला नियम तिने पाटीपर्यंत पाळला होता. तिला "काढ गं" म्हणणं सोपं होतं, पण ते म्हणायचा हक्क माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याकाठचे शिरगोळे, म्हणजे रांगोळीचे मऊ दगड, कुटून पांढरी पूड केली. शाळा सुटताना प्रत्येकाला मूठभर दिली. शाळेच्या दारापासून आपापल्या दारापर्यंत रेघ न्यायची. तिच्याही हातात दिली आणि म्हटलं, "नुसती धर. मूठ उघडायची का नाही ते तुझं तू बघ."

गावभर रेघा पांगल्या. संध्याकाळच्या उन्हात पोरं वाकून चालत होती, आणि गल्ल्या चुन्याने लिंपल्यासारख्या उजळत होत्या. मी तिच्यासोबत निघाले. तिने मूठ आवळून छातीशी धरली होती, पण एवढ्याशा मुठीत पूड राहते थोडीच? बोटांच्या फटीतून ती बारीक गळत होती. तिला पत्ता नव्हता. मला दिसत होतं, पण मी बोलले नाही.

तिची आई दारात धान्य पाखडत होती. तिचं सूप थांबलं. ती कुठे बघतेय म्हणून पोरीने वळून पाहिलं, तर शाळेपासून थेट तिच्या स्वतःच्या पायापर्यंत पांढरी रेघ.

"मी न्हाई काडली, आये! आपसूक पडली!" म्हणत तिने हंबरडा फोडला.

आई कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही उद्यापासून पोरीला शाळेत धाडणार नाही. मग तिने सूप बाजूला ठेवलं, पदराने डोळे पुसले.

"उंबऱ्याशी का थांबलीस गं?" ती म्हणाली. "आत आन की."

पोरीने मूठ उघडली. चिमूटभरच उरली होती. आईने तिचं मनगट धरलं आणि दोघींनी त्या चिमटीने रेघ उंबऱ्यापलीकडे नेली.