मोटरीवरचा हात

सांवेर रोडवर विजेच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून पुन्हा बांधून देणारे एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ आहेत. काम झालं की ते मोटरीवर हात ठेवतात, क्षणभर डोळे मिटतात आणि मगच स्विच दाबतात.

"प्रार्थना करता का?" मी एकदा विचारलं.

"पता नहीं भिया. शाळेत निघालो की आई डोक्यावर असाच हात ठेवायची. तेच आलंय हातात."

त्यांची मुलगी त्यांच्याच दुकानात काम करते, पण चर्चला जात नाही. देव मानतच नाही म्हणते. तिचा विषय निघाला की ते बायबलातला शमुवेल काढतात. "एवढा मोठा संदेष्टा, और पोरं लाचखाऊ निघाली! घरचं वळण लागतं तरी कुणाला?"

परवा आम्ही चहा पिऊन परतलो, तर त्यांनी मला दाराबाहेरच थांबवलं. आत मुलगी एकटीच होती. तिनं मोटरीवर हात ठेवला, डोळे मिटले, मग स्विच दाबला.

"आता हिला काय म्हणू?" ते कुजबुजले.

मीही वडील लावायचे म्हणूनच रोज देवापुढे दिवा लावतो. मोटर सुरू झाली तरी आम्ही दोघं उन्हातच उभे होतो.