उजव्या बाजूचा तबला

सीडी प्लेअर पुन्हा माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्याच्या झाकणाचे स्क्रू जवळजवळ बोटांनीच निघाले. इतक्यांदा ते उघडून झालं होतं.

“शैला, उजव्या चॅनेलमध्ये अजून दोष आहे,” भाऊकाका काउंटरपलीकडून म्हणाले. शेतकी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. दुकानात आले की ऑफिसची मराठी बोलतात. “डावीकडची सतार ठीक आहे. तबला दबलेला वाटतो.”

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याआधी पुण्यात एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऑडिओ सेक्शनला नोकरी झाली. आता माझ्याकडे येतात ते मिक्सर, इन्व्हर्टर आणि टीव्हीचे बोर्ड. सीडी प्लेअर हल्ली कोण आणतो? म्हणून भाऊकाकांनी तो आणून “आवाज अजून चांगला करता येईल का?” असं विचारलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मला जे खरं येतं ते कितीतरी दिवसांनी कोणीतरी विचारलं होतं.

केलं काय, ते थोडक्यात सांगते. प्लेअरच्या पोटात कपॅसिटर असतात. वीज साठवून ती सारखी करून देणारी छोटी डबडी. वय झालं की ती आतून सुकतात आणि आवाज मलूल होतो. ती सगळी बदलली. मग ऑप-अँप. तबकडीवरून आलेला बारीक सिग्नल उचलून धरणारी ही चिप. कंपनीने स्वस्तातली लावली होती, मी चांगली लावली. मागची सॉकेटंही नवीन टाकली. पहिल्यांदा लावून पाहिल्यावर भाऊकाका दुकानातच डोळे मिटून बसून राहिले होते.

आणि पुढे काही महिन्यांनी ही तक्रार सुरू झाली.

आमच्या किनाऱ्यावर कुठलीही वस्तू बिघडली की पहिला आरोपी ठरलेला असतो, खारी हवा. पिनांवर हिरवट थर चढतो, सांधे सुटतात. गिऱ्हाईक तेच म्हणतं, आम्हीही तेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. भाऊकाकांचं घर तर मालवणच्या पुढे, अगदी समुद्राला लागून. म्हणून मी आधी पिना घासल्या. मग सोल्डर नव्याने मारलं. मग ऑप-अँपसुद्धा बदलला. आता पुन्हा स्कोप लावला. स्कोप म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. डावी लाट आणि उजवी लाट, जुळ्या बहिणी. मी हात टेकले.

“काका, यात काही दोष नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतो?”

“तसं नाही. मी घरी येऊन बघते.”

पुण्याचे आमचे साहेब सांगायचे, टेबलावर दोष सापडत नसेल तर तो गिऱ्हाइकाच्या घरी राहतो, तिथे जाऊन त्याला भेटा. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, प्लेअर घेऊन एसटी पकडली.

घर मोठं, पण वापरात एकच खोली. एक खुर्ची, समोर दोन स्पीकर. खुर्ची बरोबर मध्ये यावी म्हणून जमिनीवर खडूने खुणा केलेल्या. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परदेशात. सकाळी तिचा फोन येतो, की संध्याकाळपर्यंत घरात फक्त गाणं. भाऊकाकांनी चहा केला. दुसरा कप शोधायला त्यांना वेळ लागला.

घरी आल्यावर त्यांची भाषा बदलली. “बस. ऐक. तबलजी उठान गेल्यासारखो वाटता.”

मला तबला व्यवस्थित ऐकू येत होता. तसं बोलले नाही. आमच्या धंद्यात दोष शोधायची एक साधी रीत आहे. जोडीतल्या दोन वस्तूंची अदलाबदल करायची आणि दोष कोणाबरोबर जातो ते बघायचं. प्लेअरच्या मागच्या दोन वायरी उलट लावल्या.

“आता?”

“आता तबलो बरो येता. सतार दबली.”

“म्हणजे दबतं उजव्याच बाजूला. तर मग प्लेअर सुटला.”

मग अँप्लिफायरच्या मागच्या वायरी, मग स्पीकर, सगळं उलटसुलट करून पाहिलं. उजवीकडेच कमी. उजव्या हाताला समुद्राकडची खिडकी होती. लाटांच्या आवाजात बुडत असेल म्हणून ती लावली. तरी तेच. आता खोलीत अदलाबदल करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक सोडून.

“काका, तुमी जरा उलटे बसा. स्पीकरकडे पाठ करून.”

“कित्या?”

“बसा तर.”

त्यांनी खुर्ची फिरवली. आता खोलीची डावी बाजू त्यांच्या उजव्या हाताला आली होती. मी सीडी पुन्हा लावली आणि त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. उत्तर काय येणार ते मला कळलं होतं, आणि ते येऊ नये असं वाटत होतं.

“अजून माज्या उजव्याच बाजून कमी,” ते म्हणाले.

मग त्यांनी हळूच डाव्या कानात बोट घातलं. काढलं, पुन्हा घातलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच माझ्या डोक्यात येत होतं, पण ते म्हणायची ती वेळ नव्हती.

“काका, कधीपासून?”

“माका काय म्हायत?” ते माझ्याकडे वळले नाहीत. “फोन मी डाव्या कानाक लावतंय. उजव्या बाजून बोलणारो हयसर कोण आसा?”

भरल्या घरात एवढं लपून राहत नाही. कोणीतरी चार वेळा हाक मारतं, पाचव्या वेळी खेकसतं, “भयरो झालंस काय?” माणूस चिडतो, भांडतो, पण त्याला कळतं. भाऊकाकांवर खेकसायला कोणी नव्हतं. त्यांना सांगितलं ते तबल्याने, आणि आम्ही दोघं मिळून प्लेअर खोलत बसलो.

कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. उजव्या कानाची नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, “ऐकू कमी झाल्या-झाल्या आला असतात तर काही प्रयत्न करता आला असता. आता डावा कान सांभाळा.”

परतताना गाडीत मी आपोआप त्यांच्या डाव्या बाजूला बसले. कसाल आल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “प्लेअर तू घेवन जा. माका अर्धा गाणा नको.”

प्लेअर मी नेला, पण ठेवून घ्यायला नाही. स्टिरिओ म्हणजे गाण्याचे दोन भाग. थोडे वादक डावीकडे, थोडे उजवीकडे. ज्याला दोन कान आहेत त्याच्यासाठी ती चैन. मी आत दोन रेझिस्टर टाकून दोन्ही भाग एकत्र केले आणि मागे एक स्विच बसवला. म्हणजे मोनो, जुन्या रेडिओसारखं. आवाजाचे शौकीन हे ऐकतील तर मला वाळीत टाकतील. इतकी महागाची चिप घालायची आणि शेवटी स्टिरिओच मोडून ठेवायचा.

त्यांच्या घरी एक स्पीकर काढून टाकला, दुसरा खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवला आणि स्विच दाबला. भाऊकाका अख्खा राग ऐकून झाल्यावर बोलले.

“आता कोण खंय बसलो ता कळणा नाय.” मग म्हणाले, “पण सगळे आसत.”

मी मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना रडताना बघितलेलं आवडलं नसतं, आणि मलाही.

इतक्या वर्षांत शिकले ते एवढंच, की गिऱ्हाइकाची तक्रार खोटी नसते, दोषाची जागा तेवढी चुकते. नवीन लोकांना मी हे सांगितलं असतं, पण या धंद्यात नवीन कोणी येत नाही.

मीही एकटीच राहते, दुकानाच्या मागच्या खोलीत. आता रोज शटर ओढायच्या आधी रेडिओ लावते, एका कानात बोट घालते, मग दुसऱ्यात. अजून दोन्ही चालू आहेत. हे सांगायला घरात कोणी नाही, म्हणून इथे लिहिलं.