गिटार नसलेला ऑर्केस्ट्रा

शरद गेल्याचं मला सांगितलं ते आमच्या साउंडवाल्यानं, आणि तेही असं : "भाऊ, शरदभाऊ सकाळी गेले म्हणं... मग गंगापूरच्या लग्नाची सुपारी ठेवायची का सोडायची?" ज्याच्या शेजारी बसून मी उभं आयुष्य ड्रम वाजवला तो माणूस गेला होता, आणि खरं सांगतो, आधी रडू आलं नाही, चीड आली. म्हणजे एवढी वर्षं माझ्याशी वाद घालून, तो न मिटवताच हा निघून गेला तर! आता महिना होऊन गेलाय. चीड उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

शरद वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. तिथं नवी मशीन बसवायला इटलीहून एक फिटर आला होता. जेवणाच्या सुट्टीत तो टेपरेकॉर्डरवर त्याच्या देशातल्या एका बँडची गाणी लावायचा आणि मायदेशी परतताना ती कॅसेट त्यानं शरदला देऊन टाकली. कव्हरवर चौघं होते, त्यातला गिटारवाला जाड मिशांचा. शरदला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गाणी तोंडपाठ. त्या चौघांना तो 'आपली पोरं' म्हणायचा. ती पोरं वयानं त्याच्याहून मोठी होती, ही गोष्ट वेगळी. त्यांच्यासारखा म्हणून त्यानं चौघांचाच ऑर्केस्ट्रा काढला. मुकुंदवाडीत त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही प्रॅक्टिस करायचो. ऑर्गनवर शरद, गिटारवर विलास, गायला इक्बालभाई आणि ड्रमवर मी. हळदी, लग्नं, गणपती... सगळीकडं हिंदी-मराठी गाणी आणि मध्ये एक इटालियन. त्या एका गाण्याला अख्खं वऱ्हाड जेवायला उठायचं, पण शरदनं ते कधी गाळलं नाही.

मग विलासची पुण्याला बदली झाली. दोन-तीन महिन्यांत परत येतो म्हणाला. मी लगेच दुसरा गिटारवाला बघून ठेवला, चांगला हाताचा. नेमका तेव्हाच मशीनच्या दुरुस्तीला दुसरा इटालियन आला आणि त्याच बँडची नवी कॅसेट देऊन गेला. कव्हरवर आता तिघंच. मिशावाला सोडून गेला होता, बाकीच्यांनी गाडं तसंच पुढं रेटलं होतं. संध्याकाळी शरद कव्हर नाचवत माझ्या दारात.

"बघ दिल्या, दुसरा घेतला नाय त्यांनी. जागा तशीच ठेवली."

"अरे, त्यांचं इटलीत चालतं. आपल्याला गंगापूरला वाजवायचंय."

"विलास येतो म्हणलाय ना? मग त्याची जागा कशी भरायची?"

आणि हे तो नुसतं बोलला नाही, त्यानं करून दाखवलं. गाण्यात जिथं गिटारचा तुकडा यायचा, तिथं शरद ऑर्गनवरचे हात उचलून मांडीवर ठेवायचा. ऐन रंगात आलेल्या गाण्यात एकटा माझा ड्रम, बाकी शुकशुकाट. साउंडवाला धावत येऊन वायरी चाचपायचा. एकदा नवरीचा मामा भर मांडवात ओरडला, "ओ ऑर्केस्ट्रा, लाइट गेली का?" लोक पोट धरून हसले. इक्बालभाई माईक बाजूला धरून म्हणाले, "शरद मियाँ, लोगां हंस रैं." शरद म्हणाला, "हसू द्या. आला की वाजवंल." बघता बघता सुपाऱ्या आटल्या. इक्बालभाईंनी शेवटी दुसरी पार्टी धरली, तेव्हा त्यांचीही जागा यानं रिकामी ठेवली. उरलो आम्ही दोघं, वर्षाकाठी एखाददुसऱ्या सुपारीवर. मी पण का गेलो नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. शरद माझा होता, एवढंच.

पुढं मोबाइल आले. माझ्या मुलीनं मला त्या बँडचा व्हिडिओ शोधून दिला. पुढं ते तिघं गातायत आणि मागं अंधारात चार-पाच वादक बसलेत, त्यात चक्क एक गिटारवाला! मी तसाच मुकुंदवाडी गाठली. म्हटलं, आता कुठं जाशील? शरदनं शांतपणे पाहिलं. म्हणाला, "ते मागं बसलेत. पुढं उभे तिघंच हायत ना?" मी कपाळावर हात मारून घेतला.

काही वर्षांनी तर कहरच झाला. तो मिशावाला परत आला. मिशा पांढऱ्या झालेला, पण आला, आणि चौघं पुन्हा एकत्र गायले. शरदनं गल्लीत पेढे वाटले. कशाचे, हे गल्लीला कळलं नाही. "बघितलं? जागा भरली असती तर तो उभा कुठं राहिला असता?"

"मग विलासला फोन कर ना."

"बोलवून आणलेला माणूस पाहुणा असतो दिल्या. त्यानं आपला आपण यावं."

मी करतो म्हटलं, तर यानं गळ्याची शपथ घातली. नंबर माझ्याकडं कधीचा होता...

शपथ घालणाराच गेला, तेव्हा मी फोन केला. विलास दुसऱ्या दिवशी गाडी करून आला. केस पिकलेले, चालणं जड. पुढच्या खोलीत दारातच घुटमळला, कुठं बसू म्हणाला. शरदच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, खिडकीजवळची कोरी भिंत दाखवली. तिथं शरदनं त्यांना साधं कपाटही ठेवू दिलं नव्हतं. विलास भिंतीला टेकून बसला. चहा झाल्यावर त्यानं विचारलं, "माझ्यानंतर गिटारवर कोण होतं?"

"कुणीच नाय."

त्याला थट्टा वाटली. मग त्यानं माझा चेहरा बघितला. बशीत बोट फिरवत राहिला.

"मला वाटलं, महिन्याभरात घेतला असंल तुम्ही कुणी," तो म्हणाला. "बहिणीकडं यायचो तवा दर वेळंला इथं गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जायचो. म्हणलं, नव्या माणसाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा..."

समोर शरदचा हार घातलेला फोटो होता. मी त्याच्याकडं बघत, वहिनींच्या देखत, शरदला एक सणसणीत शिवी हासडली. लगेच जीभ चावली, पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अजून एक द्या भाऊजी. माझ्याकडून."