सुकेळ्यांवरची धाड

आमच्या घरावर आयकर खात्याने आजवर कधी धाड टाकलेली नाही. जी एकुलती एक धाड पडली, ती मीच टाकली.

त्याचं असं झालं, गेल्या उन्हाळ्यात जेवता जेवता आमच्या हिने, म्हणजे सुमनने, जाहीर केलं, "मला माझ्या नावाचं पेन्शन हवंय."

"अगं, माझं आहे की!" मी म्हणालो. मी निवृत्त हेडक्लार्क. माझ्या पेन्शनचा मला जरा जास्तच अभिमान आहे (असं ती म्हणते).

"ते तुमचं. मला माझं हवं. सुकेळ्यांच्या पैशातून."

वसईच्या आमच्या वाडीत राजेळी केळी होतात. पिकली की सोलायची, बाजेवर चटई टाकून उन्हात वाळवायची, रोज उलटवायची आणि मधासारखी झाली की सुक्या पानांत बांधायची. झालं सुकेळं! लग्न होऊन आली तेव्हापासून सुमन हे करते आहे. त्यातले पैसे आजवर लेकीच्या फीमध्ये, नातेवाइकांच्या आहेरात आणि माझ्या चष्म्यांत गेले. त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या खेपेतून मात्र तिला स्वतःचं पेन्शन खातं उघडायचं होतं. तेही अठ्ठावन्नाव्या वर्षी! "या वयातही उघडता येतं, आई. नियम बदललेत," असं आमच्या नेहाने फोनवर सांगितलं होतं. नेहा कामणला एका गोदामात हिशेब बघते.

नियम बदललेत म्हटल्यावर मी गप्प बसतोय होय! मोबाइलवर कराचे व्हिडिओ लावून बसलो. एक नीट पाहिला, बाकीचे डुलक्या घेत. आणि ताडकन उठलो.

"सुमन, घात झाला! केळं झाडावर आहे तोवर शेती. शेतीला कर नाही. पण सोललं, वाळवलं, बांधलं की धंदा!"

"मग सालासकट वाळवू?"

"चेष्टा नको! पेन्शनला पॅन कार्ड लागणार. ते दिलं की वरपर्यंत कळणार. मग येतील विचारायला, बाई, इतकी वर्षं होतात कुठे?"

"सांगेन, उन्हात होते," ती म्हणाली आणि केळी उलटवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सुकी पानं आणायला वाडीच्या टोकाला गेली होती. मी अंगणात कावळे हाकत बसलो होतो (घरातलं माझं अधिकृत पद). एवढ्यात फाटकाशी एक गृहस्थ उभे! इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र.

"सुकेळीवाल्या सुमनताई इथंच ऱ्हातात ना?"

माझं धाबं दणाणलं. आले! शेजारी गादी उन्हात घातली होती, ती ओढली आणि बाजेवरच्या केळ्यांवर पसरली.

"सुकेळी? छे छे! इथे कोणी सुकेळी करत नाही."

"आनि सुमनताई?"

"माझी बायको? ती काहीच करत नाही. घरीच असते."

"बरं. पानी मिलेल का जरा? जूचंद्रवरून आलोय, ऊन काय हाय!" असं म्हणत ते गृहस्थ बाजेवर बसले.

पच्च!

मी डोळे मिटून घेतले.

"काका, गादी भारी मऊ हाय."

"नवा कापूस आहे."

"आनि माश्या किती!"

"कापसाला येतात!" मी म्हणालो. (माणूस घाबरला की काय वाटेल ते बोलतो.) गृहस्थ आरामात सरकून बसले. पुन्हा पच्च! बाजेखाली पाक ठिबकायला लागला, मुंग्यांची रांग लागली, आणि मी वळून बघतो तर मागे पानांचा भारा घेऊन सुमन उभी. 'काहीच करत नाही'पासून उभी होती, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं! तिने पुढे येऊन गादी उचलली, खालचा चिखल पाहिला आणि हळूच म्हणाली, "माझा पहिला हप्ता होता हो हा."

गृहस्थ ताडकन उभे राहिले. त्यांच्या पँटचं वर्णन मी करणार नाही.

"ताई, मला नेहाम्याडमनी धाडलंय. तुमचं पेन्शनचं खातं उघडायला!"

मी नेहाला फोन लावून सगळं सांगितलं. "बाबा!" ती किंचाळली. "नव्या नियमात बारा लाखांपर्यंत कर भरावा लागत नाही! आई बारा लाखांची सुकेळी करते का?"

"करेन की," सुमन मागून म्हणाली, "तुझ्या बाबांना आवरलंस तर."

मग गृहस्थ खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून बसले, फोन काढला आणि विचारू लागले. "ताई, व्यवसाय काय टाकू? काका तर म्हनले..." आणि थांबले. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"टाका, सुकेळी बनवते," मी म्हणालो. "लग्न होऊन आल्यापासून. आमचं निम्मं घर हिच्या उन्हावर उभं राहिलंय, साहेब. मी मघाशी बोललो ते साफ खोटं होतं." माझा आवाज जरा चिरकला. सुमनने पदर डोळ्यांना लावला, वर म्हणाली, "घाम गेला डोळ्यात." पहिला हप्ता मी माझ्या पेन्शनमधून भरला. (त्याला कुठला नियम लागतो, हे विचारायची माझी छाती झाली नाही.)

"आनि ताई, आता पंच्याऐंशीपर्यंत खातं चालू ठेवता येतंय," गृहस्थ म्हणाले.

"ठेवा की!" सुमन म्हणाली आणि माझ्याकडे बघून कितीतरी वेळाने हसली. "यांना केळी नीट उलटवता यायला तेवढी वर्षं लागतीलच. आहोत दोघं तोवर."

तेव्हापासून मी तिच्या धंद्यात कामाला आहे. सुट्टी नाही, फंड नाही, पेन्शन तर नाहीच. पगार म्हणून संध्याकाळी एक सुकेळं मिळतं, तेही तुटकं. त्यावर कर बसत नाही. मी नेहाला दोनदा विचारून घेतलंय.