न घेतलेली तीन पत्रं

पंचवटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट घेताना कर्जाच्या कागदांवर मीही सह्या केल्या होत्या. कर्जवाले साहेब बोट ठेवतील तिथे मी नाव लिहीत होते आणि मनातल्या मनात मिरवत होते, की घराला माझंही नाव लागलं. वाचायची अक्कल सुचली नाही. मिस्टर ओझरच्या कारखान्यात फिटर होते. हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा, त्यामुळे कर्ज आहे हे मी विसरूनही गेले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते कामावरून येताना स्कूटरवरून पडले आणि दुसऱ्या दिवशी गेले. मुली चौथीत आणि सहावीत होत्या. तेराव्याला त्यांच्या खात्यातले एक जण आले होते. जाता जाता म्हणाले, वहिनी, पगार थांबला म्हणजे हप्ताही थांबणार, आणि तुमची सही सहकर्जदार म्हणून आहे. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. पाहुणे जाईपर्यंत मी भिंतीला टेकून बसले. घर गेलं तर या दोघींना घेऊन जायचं कुठे?

मोठे दीर मखमलाबादला भाजीपाला पिकवायचे. कोर्टकचेरीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता आणि तेव्हा माझाही तोच होता. बांधाच्या भांडणात त्यांनी समोरच्याची नोटीस कधी घेतलीच नव्हती, शेवटी तोच कंटाळला.

"रजिस्टर आलं तर घ्यायचंच नाय," ते मला म्हणाले. "सही केली की अडकलीस. नाय घेतलं तर तुला काही ठाऊकच नाय."

पंधरा दिवसांत बँकेचं पहिलं रजिस्टर पत्र आलं. मी पोस्टमनला नको म्हणाले आणि कडी लावली. नंतर जिन्यात चपला वाजल्या तरी मी उठून कडी बघून यायचे. मुलींना मी खोटं बोलायला शिकवलं, आई घरात नाही म्हणून सांगा. मुलींची प्रगतिपुस्तकं, रेशनकार्ड आणि मंगळसूत्र एका कापडी पिशवीत भरून दाराशी ठेवलं होतं, बाहेर काढलंच तर हातात तेवढं तरी असावं. तिसऱ्या वेळी पोस्टमन दाराबाहेरून म्हणाले, बाई, कामाचंही असेल, घ्या. मी दारामागेच उभी होते. कडी काढली नाही.

पुढे काही महिन्यांनी कर्जवाले साहेब स्वतःच आले. कुलूप लावायलाच आलेत असं वाटून मी धाकटीला घट्ट धरलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्यायले.

"ताई, या कर्जाला विमा होता," ते म्हणाले. "उरलेलं सगळं विमा कंपनी भरणार होती. मृत्यूचा दाखला आणि अर्ज पाठवा, एवढंच त्या पत्रांत होतं."

घरात मरणाचं बोलू नये, म्हणून मिस्टरांनी विम्याचं मला कधी सांगितलं नव्हतं. आता काही होईल का, असं मी विचारलं. साहेब नाही म्हणाले. विम्याच्या अर्जाची मुदत टळली होती. मी वर्षभर हेलपाटे घातले, अर्ज केले, रडलेसुद्धा. शेवटी मिस्टरांच्या फंडाचा पैसा कर्जात घातला. त्यातून थोरलीला इंजिनिअर करायचं होतं. ती हुशार होती. बारावीनंतर तिने दुकानात हिशेब लिहायची नोकरी धरली आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. तिला वाटलं, बाबांनीच मागे काही ठेवलं नाही. मी तिला तसंच वाटू दिलं.

दोन हजार सालानंतर तिचं लग्न झालं. मांडवात दीर व्याह्यांना रंगवून सांगत होते, बँकेला दारात उभं केलं नाही, म्हणून हे घर वाचलं. थोरली शेजारी उभी राहून कौतुकाने ऐकत होती. त्यांचा मला मनस्वी राग आला, पण मी गप्प बसले. खरं काय ते सांगायचं, तर कडी मी लावली होती, हेही तिला सांगावं लागलं असतं. तिने अजून विचारलेलं नाही. ती माहेरी आली की पहिले दोन दिवस मला नीट जेवण जात नाही.