आप्पांचं वजन

गाडी खाली होईपर्यंत मोबाईल बघण्याशिवाय ड्रायव्हरला दुसरं काम नसतं. त्यामुळे इथले बरेचसे अनुभव मी वाचलेत आणि खरं सांगतो, बऱ्याचशांवर हसलोय. इतकी वर्षं पिकअप चालवतोय, नको त्या वेळी नको त्या रस्त्यांनी फिरलोय... पांढऱ्या साडीतली बाई कधी भेटली नाही, भेटले ते खड्डेच. भुतं दिसायला माणसाची झोप नीट झालेली लागते आणि ती माझी होत नाही, असं मी म्हणायचो.

आम्ही केंदूरचे. पूर्वी मेंढरं होती, आता थोडी शेती आणि ही पिकअप. केंदूरला मुरघासाच्या बॅगा भरायच्या — मक्याची कुट्टी करून, दाबून मुरवलेला चारा — आणि तळेगाव ढमढेरे, न्हावरा करत पारगावचा भीमेचा पूल ओलांडून भांडगावच्या गोठ्यांवर टाकायच्या. पुलाच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. जे झालं ते पूल संपतो तिथं, दौंडच्या बाजूला, भर उन्हात.

माझे वडील, आप्पा, बॅगा चढवा-उतरवायला सोबत असायचे. पण कॅबिनमध्ये कधी बसले नाहीत. "आप्पा, बसा की आत," म्हटलं की म्हणायचे, "पेटीत घातल्यावानी वाटतं रं. म्या मागंच बरा." मग हौद्यात पाईप धरून उभे. पूल आला की टपावर थाप मारून गाडी थांबवायचे, उतरायचे आणि पूल चालत ओलांडायचे. मेंढरांच्या मागं फिरण्यात जन्म गेलेला, तेव्हाची सवय. "नदी पायानं वलांडायची. बसून न्हाई." मी पलीकडे गाडी उभी करून चरफडत बसायचो, कारण गोठेवाल्यांचे फोन सुरू झालेले असायचे. ते सावकाश यायचे, मागच्या फळक्यावर पाय देऊन वर चढायचे, गाडी मागून दबायची आणि टपावर दोन थापा पडायच्या. म्हणजे, चल.

मग त्यांचा घसा धरला. आधी भाकरी उतरेना, मग पेज, मग पाणीसुद्धा. बॅग एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस... शेवटी दवाखान्यात न्यायला मी त्यांना एकट्यानं उचललं आणि हौद्यातल्या गादीवर ठेवलं. गाडीचे पाटे, म्हणजे मागच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, तेव्हा जुने, मऊ झालेले. कुणीही चढलं तरी दबायचे. त्या दिवशी गाडी दबलीसुद्धा नाही. आई मागं उभी राहून बघत होती. "इतकंच उरलं व्हय?" एवढंच बोलली.

आप्पा परत आले नाहीत. आईच्या मनात तेच बसलं की ते उपाशी गेले. पुढ्यात ताट आलं की दोन घास चिवडायची आणि सरकवायची. बायकोनं सगळं करून बघितलं, मी ओरडलो, एकदा तर रडलोसुद्धा. तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. आप्पांसारखंच हिलाही एकट्यानं उचलायची वेळ येणार, ही भीती मला गाडी चालवताना सोडायची नाही.

त्याच दिवसांत एकदा पूल ओलांडून मी सवयीनं गाडी उभी केली. कशाला थांबलो हे आठवेपर्यंत गाडी मागून दबली. थोडीशीच. लोड बसला असेल म्हटलं आणि निघालो. पण पुढंही तिथं थांबलं की तसंच व्हायचं. नाही थांबलो तर काही नाही. घरी मी कुणाला बोललो नाही... काय सांगणार?

मग एकदा आईला दौंडला बहिणीकडे सोडायला निघालो. मेहुणे रेल्वेत आहेत, क्वार्टर आहे, चार दिवस लेकीच्या हातचं तरी खाईल म्हणून. हौदा रिकामा. पुलापलीकडे थांबलो. गाडी दबली. मी आईकडे बघितलंच नाही, पण ती म्हणाली, "बसलं. चल."

पुढं चौफुला आला तशी ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "लई हलकं बसलं रं. अजून तसंच हायेत. तिथंबी कुणी घास देत न्हाई." बहिणीकडेही ती जेवली नाही.

यात गाडीचं काम निघालं. कुट्टीचं मशीन मागं हुकाला लावून ओढायचं ठरलं होतं आणि त्या पाट्यांवर मशीन अधिक लोड म्हणजे गाडीचं नाक आभाळाला. आईला सांगितलं तर तिनं हात धरला. "पाटं नको बदलू. मग त्यांचं वजन कळायचं तरी कसं?" मी वैतागलो होतो, दमलो होतो. ऐकलं नाही.

चौफुल्याजवळच्या मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना जाडजूड जादा पाटे चढवले, ते आवळायला नवे यू-बोल्ट टाकले. मग तो आणि त्याची दोन माणसं हौद्यात चढून नाचली. गाडी ढिम्म. "अब हाथी बिठाओ, भैया," म्हणाला. रिकामी गाडी तर अशी आपटायची की कंबरेचा खुळखुळा. मनात आलं, संपलं एकदाचं. आणि खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

पुढच्या वेळी आईला दौंडला नेताना मी पुलापलीकडे थांबणार नव्हतो. तीच म्हणाली, "थांब." थांबलो. ती लेकीसाठी बांधलेलं भाकरीचं गाठोडं मांडीवर धरून समोर बघत होती.

आणि गाडी दबली. आधीसारखी थोडीशी नाही... मागून अशी बसली की माझी सीट मागं कलली. नवे पाटे करकरले. मी उतरून मागं गेलो. हौदा रिकामा. पाटे पार सरळ झालेले, वरचा रबर टेकायला आलेला, पूर्ण लोडला येतो तसा. मी ओणवा होऊन पाट्यांना हात लावून बघितला.

परत आलो तर आई बाजूच्या आरशातून मागं बघत होती. चेहरा असा मोकळा मी कितीतरी दिवसांत बघितला नव्हता.

"अंगानं भरलं बघ रं," ती म्हणाली. "मिळतंय त्यांना."

मग तिनं गाठोडं सोडलं. लेकीसाठी घेतलेली बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तिथंच, गाडीत बसून, सावकाश, अख्खी भाकरी खाल्ली. मला पाणी मागितलं. मी स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसलो होतो.

मिस्त्रीकडे जाऊन पाटे पुन्हा तपासून घेतले. काही झालेलं नव्हतं. रस्त्याचा उतार, गरम पाटे, जाणाऱ्या ट्रकचा हिसका... सगळं धरून बघितलं, एकही जुळत नाही. मी अजूनही या गोष्टी मानतो असं म्हणणार नाही. टपावर थापा तर कधीच पडल्या नाहीत. आई मात्र जेवते.

पूल ओलांडला की मी थांबतो. आणि केंदूरला भरतानाच एक बॅग कमी घेतो, पाईपाजवळ तेवढी जागा मोकळी ठेवतो. भांडगावचा गोठेवाला विचारतो, नवे पाटे टाकलेस, मग माल कमी का आणतोस? मी म्हणतो, पाटे जपायचेत.